स्पोर्ट्स कार मालकांचे मेळावे आणि शो: बेळगावातून जाणाऱ्यांनी काय बघावं? आणि आपल्याकडे एक का नको?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बीएमडब्ल्यू झेड ४ आहे, सेकंडहँड घेतलेली, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग. दोनच सीट, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, छत पत्र्याचं पण घडी होऊन डिकीत जाणारं. ती घरी आल्यापासून गोवा, कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू असे मेळावे बघत फिरतोय. बेळगाव या सगळ्यांच्या वाटेवर आहे. हायवेवरून रविवारी सकाळी गाड्यांचा ताफा जातो, आपण हत्तरगी नाक्याजवळ उभं राहून हात हलवायचा आणि घरी यायचं, एवढाच आपला सहभाग.

मला आवडलेल्या प्रत्येक मेळाव्यात मालक गाडीजवळ उभा होता. बॉनेट वर, दार उघडं, कुणी काही विचारलं की तो सांगतोय, एखाद्या पोराला आत बसवतोय. न आवडलेल्या शोमध्ये गाडीभोवती दोरी आणि मालक आत एसी हॉलमध्ये. नुसती चकाकती गाडी तर शोरूमच्या काचेतूनही दिसते. तिच्याबरोबर राहणाऱ्या माणसाशी बोलता येत नसेल तर पाचशे किलोमीटर बेंगळुरूला कशाला जायचं?

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्याला तुम्ही काय सांगाल? आणि बेळगावात आपण एक मेळावा घ्यावा का? माझं मत घ्यावा असंच आहे, आणि तो फक्त मालकांचा नसावा.

कंग्राळी_एक्सप्रेस
घ्यावा की! पण आधी सांगा, ती झेड ४ आमच्या गल्लीतल्या स्पीड ब्रेकरवरून कशी जाते? ब्रेकर म्हणजे राजहंसगडाची तटबंदी आहे.

टिळकवाडीकर
@कंग्राळी_एक्सप्रेस तिरकी घेतो. एकेक चाक चढवायचं, म्हणजे पुढची खालची पट्टी आणि पोट घासत नाही. तरीही काही ब्रेकर असे आहेत की गाडी लांब लावून चालत यावं लागतं.

उद्यमबागचा_लेथवाला
मी मालक नव्हे. मशीन शॉपमधला माणूस. तरी एका शोला गेलो होतो, एका गिऱ्हाइकाबरोबर. त्यांची स्टँडर्ड हेराल्ड ही जुनी गाडी आहे. थर्मोस्टॅट बसतो ते अॅल्युमिनियमचं घर गंजून खाल्लं गेलं होतं, ते आमच्याकडं नवीन ओतून घेतलं. म्हणून म्हणाले, चल, बघायला तरी ये.

जुना भाग तसाच साच्याला वापरला की नवीन भाग लहान येतो. अॅल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वा-दीड टक्का आकसतं. त्यामुळं पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, तेवढा मोठा करायचा, शिवाय जिथं लेथवर काढायचं तिथं जादा माल ठेवायचा. गंजून झिजलेली जागा आधी भरून घ्यायची. पॅटर्नवाल्यानं हे सगळं धरून लाकडात केलं, बाजूच्या फौंड्रीत ओतलं, मी लेथवर फेस मारून बाजू सपाट केली आणि भोकं पाडली.

शोमध्ये बॉनेट उघडं होतं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटं पडतं, सगळं इंजिन आणि पुढची चाकं उघडी. एक बाई आपल्या मुलाला दाखवत होत्या आणि मालक माझ्याकडं बोट करून म्हणाले, हा भाग यांनी केला. त्या मुलानं पुढं जे प्रश्न विचारले ते आमच्या सुपरवायझरनंही कधी विचारले नाहीत. टिळकवाडीकर म्हणतात ते मला पटतं, आणि पुढं एक जोडतो. मालक उभा राहावाच, ज्यानं गाडी दुरुस्त केली तोही उभा राहावा.

अभियंता_तिसरं_वर्ष
हेराल्ड स्पोर्ट्स कार कधीपासून?

कॅम्पातले_आजोबा
@अभियंता_तिसरं_वर्ष बाळा, ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लंडची दोन सीटची नावाजलेली स्पोर्ट्स कार. १९६२ साली आली. तिची चासी हेराल्डचीच, लांबीला कमी केलेली. दोन्हींची बॉडी रेखाटणारा माणूसही एकच, इटलीचा मिकेलोत्ती. आपल्या मद्रासला स्टँडर्ड कंपनी हेराल्ड बनवायची. म्हणजे स्पिटफायरची सख्खी बहीण आपल्या रस्त्यावर धावत होती, आणि लोक तिच्यातून लग्नाच्या वरातीला जायचे.

कॅम्पात माझं बालपण गेलं. बदली झालेले लष्करी अधिकारी गाड्या विकून जायचे, त्यामुळे आमच्या गल्लीत तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या बघायला मिळत. तुम्ही शो म्हणता, पण आपल्या भागातला सर्वांत जुना आणि विनातिकिटाचा शो कोल्हापूरच्या दसरा चौकात होतो. छत्रपतींची मेबॅक, जुनी जर्मन मोटार, दसऱ्याला बाहेर पडते. माणसं सोन्यासाठी येतात, आम्ही मेबॅकसाठी जायचो. दोरी असायची, पण इंजिनाचा आवाज दोरीला अडत नाही.

निपाणीकडचा
मी विरुद्ध बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

स्पोर्ट्स कारचा मेळावा म्हणजे आमच्याकडं काय दिसतं? पहाटे पाचला हायवेवरून सायलेन्सर काढलेल्या गाड्या जातात, गोठ्यातली जनावरं उठतात, म्हातारी माणसं उठतात. कोगनोळी नाक्यावर दहा गाड्या एकदम आल्या की रांग मोडून पुढं घुसतात. आणि खरी गोष्ट पुढं आहे. तुमचे शो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण पाऊस नसतो. आमचा गळीत हंगाम पण तेव्हाच. चिकोडी, अथणी, निपाणी, सगळीकडं ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागं लाईट नाही, रेडियम नाही, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असतो. बुटकी गाडी मागून आली तर तिचं बॉनेट ट्रॉलीच्या खाली जातं आणि धक्का थेट काचेवर बसतो. असला अपघात मी डोळ्यांनी बघितलाय. ती स्पोर्ट्स कार नव्हती, साधी सेडान होती. तुमच्या गाड्या तर तिच्याहून खाली.

आधी याचं उत्तर द्या, मग मेळावा.

टिळकवाडीकर
@निपाणीकडचा राग कसला, हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. ट्रॉल्यांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. मी त्या दिवसांत अंधारात गाडी काढत नाही. मेळावा घ्यायचा तर लोकांनी उजाडल्यावर निघावं आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचावं, अशीच वेळ ठरवायची. म्हणजे साडेनऊ ते दोन.

आवाजाबद्दल कायदाही स्पष्ट आहे. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी सरकारच्या लेखी संमतीशिवाय केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. ज्याला पळवायची हौस आहे त्यानं कोइमतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठावा. आपल्या मेळाव्यात सायलेन्सर काढलेली गाडी मी तरी आत घेणार नाही.

चंदगडी_वाट
गोव्याला जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं थोडं. बुटक्या गाडीला वाट निवडताना अंतर बघू नका, रस्ता बघा.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा जवळचा. पण पावसाळ्यानंतर तो कसा आहे हे त्या आठवड्यात जाऊन आलेल्याला विचारल्याशिवाय निघायचं नाही. कणकुंबीला पाऊस एवढा पडतो की दरवर्षी डांबर नव्यानं सोसतं. आंबोलीची वाट लांब पडते. शिनोळी, चंदगड, आंबोली, सावंतवाडी. मला वळणं तिथली आवडतात, चढ अंगावर येत नाही. अनमोडवरून अवजड वाहनं असतात, त्यांच्या मागं अडकलात की क्लच दुखतो.

आणि ज्यांच्या गाडीला रनफ्लॅट टायर आहेत त्यांनी नीट ऐका. हवा गेली तरी काही अंतर चालते हे बरोबर. पण खड्ड्यात बाजूची भिंत फुटली तर काही चालत नाही, आणि अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. मोबाईलला रेंज नसलेल्या वळणावर हे आठवून उपयोग नाही.

शहापूरची_लेक
पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून. गाडी माझी आहे, आमच्या घरात ऑडी टीटी मी चालवते. तरी प्रत्येक शोमध्ये माणसं माझ्या नवऱ्याला विचारतात, "काय देते अॅव्हरेज?" तो बिचारा माझ्याकडं हात दाखवतो. मग मी सांगते, मग ते परत त्यालाच पुढचा प्रश्न विचारतात. हे बदलायला हवं. ज्याच्या हातात किल्ली, त्याला विचारा.

बाकी शिष्टाचार फार अवघड नाही. हात लावायच्या आधी विचारा. पट्ट्याचं बक्कल, पँटची चेन, खांद्याची पर्स रंगावर ओरखडा काढते, म्हणून वाकताना अंतर ठेवा. बाळाला बॉनेटवर बसवून फोटो काढायचा मोह आवरा, खालचा पत्रा तापलेला असतो, बाळालाच चटका बसेल. आत बसायचं असेल तर बूट झटकून. आणि मालक मंडळींनो, कुणी विचारलं तर किंमत सांगत बसू नका, गाडीबद्दल सांगा.

आयोजकांना एकच मागणं. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि सावली. एका मोठ्या शोमध्ये दोन्ही नव्हतं, तासाभरात मी निघाले. एवढं पेट्रोल जाळून एक तास!

कंग्राळी_एक्सप्रेस
वहिनी, अॅव्हरेज किती देते?

शहापूरची_लेक
@कंग्राळी_एक्सप्रेस नवऱ्याला विचार 😀

सदाशिवगड_खाडी
कारवारहून बोलतोय. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे कापडी छताच्या गाड्यांना बुरशी आणि पत्र्याला गंज. शोला जाताना खालून धुऊन जातो, वरून सगळेच धुतात.

पण मला इथं पेट्रोलचं विचारायचंय. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना त्याचं कौतुक असणार, आणि असावंही, शेतकऱ्याला पैसे मिळतात. पण जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलनं फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीची पत्र्याची टाकी आतून गंजते. तुमच्यापैकी जुन्या गाड्यावाले काय करतात?

उद्यमबागचा_लेथवाला
@सदाशिवगड_खाडी त्या हेराल्डला आम्ही सगळे इंधनाचे पाइप बदलले. साधा रबरी घेतला नाही, इथेनॉल सोसणारा फ्लुरोरबरचा घेतला. महाग आहे. कार्बोरेटरच्या आतले वायसर पण बघून घ्या. आणि गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. नुसती जागेवर स्टार्ट करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आतून कुजतो.

शोमध्ये अशा गोष्टी बोलल्या गेल्या पाहिजेत. तिथं सगळे टायरला काळं पॉलिश मारून आले होते. मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचत फिरलो. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसते, रबर म्हातारं झालेलं असतं. एका मालकाला सांगितलं तर त्याला माहीतच नव्हतं, आणि तो त्याच टायरवर घाट उतरून आला होता. माझा नंबर घेतला त्यानं.

बैलहोंगल_अण्णा
नमस्कार री. माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या. धारवाडला शिकताना मराठी मित्र होते.

दोन क्लबांचं सांगतो, पुस्तकात वाचलेलं. इंग्लंडचा एमजी कार क्लब १९३० चा. अमेरिकेचा पोर्शे क्लब १९५५ चा. दोन्ही अजून आहेत. नुसत्या शोवर एवढी वर्षं कोण टिकतो? ते एकमेकांना सुटे भाग शोधून देतात, दुरुस्तीचे वर्ग घेतात, गाडी कशी चालवायची ते ट्रॅकवर शिकवतात. आपल्याकडचे पुष्कळ गट फोटोसाठी जमतात, नाष्टा करतात, पांगतात. एक गट मला माहीत आहे, तिथं गाडीची किंमत बघून आत घेत होते. दोन वर्षांत मोडला.

बेळगावात करा. आम्ही कन्नड बोलणारे पण येऊ. माइकवर दोन्ही भाषांत सांगा, एवढंच.

टिळकवाडीकर
@बैलहोंगल_अण्णा तुमचं मराठी आमच्या कन्नडापेक्षा कितीतरी चांगलं आहे. दोन्ही भाषा असणारच, त्याशिवाय बेळगावात मेळावा होऊच शकत नाही. कन्नडची बाजू तुम्हीच सांभाळा.

अभियंता_तिसरं_वर्ष
माझा प्रश्न राहिला. माझ्याकडे गाडी नाही, वडिलांची वॅगन आर आहे. आमच्या कॉलेजच्या टीमनं फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी एका सीटची गाडी बनवली आहे. चासी स्वतः वेल्ड केली, इंजिन मोटरसायकलचं. कोइमतूरला फॉर्म्युला भारतसाठी नेणार आहोत. ती रस्त्यावर चालवता येत नाही, ट्रेलरवरून आणावी लागेल. असल्या गाडीला जागा आहे का? आणि पोलो जीटीआय, अबार्थ पुंटो या वेगवान हॅचबॅकना तुम्ही स्पोर्ट्स कार म्हणता का नाही?

कंग्राळी_एक्सप्रेस
झालं, वाद पेटला. माझ्या मते दोनच दारं पाहिजेत.

चंदगडी_वाट
मग २००३ ची दोन दारांची झेन पण आली. आणि १९९८ ची सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन, दोन सीट, छत उघडणारं. साठ हॉर्सपॉवरची गाडी, पण मनातून पुरती स्पोर्ट्स. अलिबागजवळ कार्लेखिंडीत बनलेली चिंकारा रोडस्टर पण घ्या, लोटस सेव्हन या जुन्या इंग्लिश गाडीच्या वळणाची, इसुझूचं १.८ इंजिन. भारतात हे करून दाखवणारी माणसं होती, त्यांच्या गाड्या बघायला मी कुठंही जाईन. लाखो रुपयांच्या चार सारख्या लाल गाड्या बघायला नाही.

टिळकवाडीकर
@अभियंता_तिसरं_वर्ष जागा आहे का काय विचारतोस, मधली जागा तुमची. ज्या पोरांनी स्वतः चासी वेल्ड केली त्यांच्याशेजारी माझी गाडी लागली तर मला आनंदच आहे. पोलो आणि पुंटोही येऊ देत. चालवण्याच्या आनंदासाठी घेतलेली आणि जपलेली असेल तर माझ्या दृष्टीनं ती आली.

कॅम्पातले_आजोबा
बक्षीस ठेवणार असाल तर एक सूचना. परीक्षकांनी चकाकी बघू नये. कॉन्कूर नावाच्या मोठ्या स्पर्धांत गाडी मूळ रूपाला किती धरून आहे ते तपासतात. मूळ रंग थोडा विटका असला तरी त्याची किंमत नव्या रंगापेक्षा जास्त, कारण रंग पुन्हा देता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही. आपल्याकडे उलटं होतं. जुनी गाडी सापडली की आधी ती झगझगीत लाल करतात.

मी तर म्हणेन बक्षीस ठेवूच नका. ठेवायचंच असेल तर ज्या मालकानं सर्वांत जास्त पोरांना आत बसवलं त्याला द्या.

निपाणीकडचा
आजोबांची सूचना मला आवडली.

माझा आणखी एक अडाणी प्रश्न. माझी गाडी एमएच ०९, कोल्हापूरची. ती घेऊन बेळगावात आलो तर पोलीस अडवणार का?

बैलहोंगल_अण्णा
@निपाणीकडचा पाहुणा म्हणून आलात तर काही नाही. आरसी, विमा, पीयूसी जवळ असू द्या, डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. पण गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवली तर इथं नोंदणी करून टॅक्स भरावा लागतो. महागड्या गाडीला ही रक्कम मोठी असते री. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा.

शहापूरची_लेक
तारखेचं बोला. नोव्हेंबरची सुरुवात नको, एक तारखेला राज्योत्सव आणि काळा दिवस, शहराचं वातावरण वेगळं असतं आणि बंदोबस्त असतो. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की हायवेवर मोर्चे आणि पोलीस. जानेवारी बरा. संक्रांतीनंतरचा रविवार.

कंग्राळी_एक्सप्रेस
कुंदा कोण आणणार? टिळकवाडीकरांच्या डिकीत ठेवू नका, छत उघडलं की सगळी डिकी भरते.

टिळकवाडीकर
कुंदा घरून आणतो, छत बंद ठेवून!

तारखेला माझा होकार. जागेसाठी दोन ठिकाणी बोलणं सुरू आहे, दोन्हीकडे झाडांची सावली आणि स्वच्छतागृह आहे. पोलिसांना लेखी कळवणार. आणि ज्यांनी "पहिल्यांदा कुठल्या शोला जावं" म्हणून मला खाजगी निरोप पाठवले त्यांना इथंच उत्तर देतो. तिकीट काढायच्या आधी आयोजकांना फोन करून दोनच गोष्टी विचारा. मालक गाडीजवळ थांबणार का, आणि बॉनेट उघडणार का. दोन्हींना हो आलं तर जा, मग तिथं वीस गाड्या असोत की चार.

निपाणीकडचा
मी येतो. पण माझी अट आहे. येताना मी लाल रेडियम पट्टीचे रोल आणतो. आदल्या दिवशी संध्याकाळी कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. तुमच्यातल्या चार-पाच जणांनी तिथं यायचं आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागं पट्टी चिकटवायची. ड्रायव्हर लोक नाही म्हणणार नाहीत, मी बोलतो त्यांच्याशी.

चंदगडी_वाट
मी आहे. धुळीवर पट्टी धरत नाही, जुनी कापडं आणि थिनर मी घेऊन येतो.

अभियंता_तिसरं_वर्ष
आमची टीम पण. दहा जण आहोत.

उद्यमबागचा_लेथवाला
ऊस लोंबतो तिथं पट्टी झाकली जाते, म्हणून ती ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर खाली, चासीच्या आडव्या चॅनेलवर लावायची. कापलेल्या पट्ट्या मी तयार ठेवतो. @निपाणीकडचा रोल किती रुंदीचे आहेत तेवढं कळवा.